घाबरलेल्या माणसाची श्रद्धा मोजू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले दोन आठवडे श्रद्धा आणि भीती यांवरून वाद चाललाय. पहिल्या पत्रलेखकांचं म्हणणं असं, की ज्याचा देवावर खरा विश्वास आहे तो संकटात डगमगत नाही. डगमगला तर समजावं, विश्वास कच्चा. त्यांना उत्तर देणारे गृहस्थ म्हणतात, देवावर हवाला ठेवणारी माणसं हातपाय हलवत नाहीत, म्हणून ऐन वेळी श्रद्धा हीच पायातली धोंड होते. दोन्ही पत्रं मी दोन-दोनदा वाचली. या दोघांपैकी कुणीच रात्री अडीच वाजता कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहिलेलं नसावं, हे पहिल्यांदा मनात आलं. मी राहिले आहे. ३१ वर्षं परिचारिका होते, त्यातली ११ कॅज्युअल्टीत. लिहायची सवय केस पेपर आणि ड्यूटी रजिस्टरपुरतीच, त्यामुळे पत्र जरा लांबेल. कात्री लावायची तर खुशाल लावा, पण मधला बाथरूमचा प्रसंग तेवढा ठेवा.

घाबरलेला माणूस कसा दिसतो ते आधी सांगते. तो रडत नाही. रडणारी माणसं पुष्कळदा निम्मी सावरलेली असतात. खरा घाबरलेला माणूस कोरडा असतो. ओठ कोरडे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, हात गार. एकदा एक तिशीतला मुलगा वडिलांना घेऊन आला. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. "वडिलांना कोणती औषधं चालू आहेत?" असं विचारलं तर म्हणाला, "चिठ्ठीचा फोटो आहे फोनमध्ये." आणि फोन उघडेना. दिवसातून शंभरदा उघडत असेल तो फोन, पण अंगठा नीट टेकेना, चार आकडे आठवेनात. शेवटी फोन माझ्याच हातात देऊन म्हणाला, "सिस्टर, तुम्ही उघडा." जणू त्याच्या फोनचे आकडे मला ठाऊक!

हसण्यासारखं आहे, पण आम्ही हसत नसू. ॲड्रेनालिन अंगात उसळलं की रक्त मोठ्या स्नायूंकडे धावतं, पळायला नाहीतर झुंजायला. बोटांची नाजूक कामं सुटतात, तोंड सुकतं, नजर एकाच ठिकाणी खिळते. मागे वाघ लागला असता तर ही व्यवस्था उत्तम. औषधाचं नाव आठवायला ती कुचकामी. शिवाय अशा वेळी हातांना काहीतरी करायचंच असतं, काय ते कळत नसलं तरी. फिटचा झटका आलेल्या मुलीच्या दातांत बापाने चमचा घातला होता, जीभ चावली जाऊ नये म्हणून. झटका दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबला, पुढचा दात मात्र गेला. झटक्यात माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, कुशीवर वळवून आजूबाजूचं सामान बाजूला करायचं, बस्स. हे त्या बापाला नंतर सांगितलं तर म्हणाला, "माहीत होतं हो. शाळेत शिकवलं होतं आम्हाला." माहीत असणं आणि त्या घडीला हाताशी येणं यांत केवढं अंतर असतं, ते मला त्या दिवशी कळलं असं म्हणायचे मी. खरं कळायचं अजून बाकी होतं.

पहिल्या पत्रलेखकांना मला एवढंच सांगायचंय, की शरीर हा खेळ माणसाची श्रद्धा विचारून करत नाही. बाकावर बसवताना मी कितीतरी नातेवाइकांचे हात धरलेत. कुणाच्या मुठीत जपमाळ, कुणाच्या तसबीह, कुणाच्या क्रूस, कुणाच्या काहीच नाही. सगळे हात सारखेच गार.

आता दुसऱ्या गृहस्थांचा मुद्दा. तो निखालस खोटा आहे असं मी म्हणणार नाही. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि खाटेवरच गेलेलीही. संध्याकाळी तोंड वाकडं झालेली, एक हात लुळा पडलेली बाई दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे आली. अशा वेळी मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तिचे अठरा तास उलटून गेले होते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, "रात्रभर देवाचं नाव घेत बसलो होतो सगळे. सकाळपर्यंत उतरेल असं वाटलं." मला इतका संताप आला की मी तिथून उठून स्टोअरमध्ये जाऊन उगाच सलाइनच्या बाटल्या मोजत बसले.

पण त्याच रात्री तेच गृहस्थ पाणी भरायला आले तेव्हा माझ्या टेबलाशी थांबले. म्हणाले, "खरं सांगू सिस्टर? हात उचलता येईना तेव्हाच कळलं होतं मला. डॉक्टर काय सांगतील याचा धसका घेतला होता. म्हणून म्हटलं, आधी देवाला विचारू." मी पुष्कळ दिवस हे घोळवत होते. त्यांनी देवावर काहीच सोपवलं नव्हतं. खबर ऐकायची भीती होती, तिला देवाचं नाव दिलं होतं. दुसऱ्या पत्रलेखकांनी ज्याला श्रद्धा म्हणून झोडपलं आहे, ती मला तरी बहुतेक वेळा हीच दिसली: जागच्या जागी गोठलेली भीती. एक माणूस भीतीने धावत सुटतो, दुसरा भीतीने बसून राहतो. बसून राहणाऱ्याच्या ओठांवर देवाचं नाव असलं की आपण फसतो.

आता माझं सांगते.

चौदा वर्षांपूर्वीची पहाट. आमचे मिस्टर आंघोळीला गेले होते. मी रात्रपाळी करून नुकती आले होते, युनिफॉर्मही बदलला नव्हता. बादली भरून पाणी वाहून जातंय असा आवाज बराच वेळ येत होता. मी दोनदा ओरडले, "अहो, नळ!" नळ बंद होईना. दाराला आतून कडी. मुलीने आणि मी खांदा लावला तेव्हा कडीचे स्क्रू निघाले आणि दार उघडलं ते अर्धंच, कारण पलीकडे ते पडले होते.

इतकी वर्षं कॅज्युअल्टी केलेल्या बाईने पुढे काय केलं असेल? ती बीपीचं मशीन शोधायला गेली. खरंच. कपाट उघडलं, मशीन काढलं, त्याचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, हातात घेऊन बेडरूममध्ये उभी राहिले. मग त्यांची फाइल शोधायला लागले. दोन वर्षांपूर्वीचा ईसीजी होता त्यात, तो डॉक्टरांना लागेल म्हणून. एवढ्यात त्यांनी घोरल्यासारखा एक श्वास घेतला, आणि मी स्वतःला सांगितलं, श्वास चालू आहे. तो श्वास नव्हता. हृदय थांबल्यावर काही मिनिटं माणूस असे आचके देतो आणि भोवतीची माणसं त्याने फसतात, हे मी स्वतः प्रत्येक बॅचला शिकवत आले होते. शिकवत होते तेच मला त्या घडीला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं, आणि तरी मी कफ गुंडाळत होते. कितीही वाईट वाटलं तरी हे लिहायलाच हवं, कारण चमचा घालणाऱ्या त्या बापाला मी मनातल्या मनात अडाणी म्हटलं होतं.

मुलगी नववीत होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "आई, काय करू?" रडून नाही, साध्या आवाजात, गणित अडलं की विचारते तसं. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते तिच्यासाठी नव्हतं. मी म्हणाले, "देवा, वाचवणं तुझं. दाबणं माझं."

हे मी ठरवून म्हटलेलं नाही. त्याआधी कधी म्हटलेलं नव्हतं. पण ते म्हटल्याबरोबर कफ खाली पडला आणि मी त्यांना पायांना धरून ओल्या फरशीवरून बाहेर ओढलं. मुलीला सांगितलं, रुग्णवाहिकेला फोन लाव, स्पीकरवर टाक, पत्ता दोनदा सांग, मग दार उघडं टाकून खाली जाऊन लिफ्ट धरून ठेव. ही सगळी वाक्यं सरळ आली, एकापाठोपाठ एक. आणि मी छातीच्या मध्यावर दोन्ही तळवे एकावर एक ठेवून दाबायला सुरुवात केली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतकं दाबायचं आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायचं. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहिलं तरी चालतं. काहीच केलं नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. १९६० साली कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघा अमेरिकन संशोधकांनी छाती न उघडता बाहेरून दाब देण्याची ही रीत मांडली, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं की याला लागतात फक्त दोन हात. त्यांतले कौवेनहोवेन तर मुळात इलेक्ट्रिकल इंजिनियर. हा किस्सा मी दर बॅचला सांगायचे, कारण पोरींना वाटायचं मशीनशिवाय काही होत नाही.

शिकवताना आम्ही मोठ्याने आकडे मोजायला लावतो. मीही मोजायला लागले, आणि सतरावर अडकले. सतरानंतर काय येतं ते येईना. पुन्हा एकपासून, पुन्हा सतरा. मग आकडे सोडले आणि एका दाबाला एकदा देवाचं नाव घ्यायला लागले. भक्ती म्हणून नाही. जे तोंडात आपोआप येत होतं ते एवढंच होतं. लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेलं, आकड्यांच्याही आधीचं. तिसाव्या-चाळिसाव्या दाबाला त्यांची एक बरगडी मोडल्याचं तळव्याला कळलं. कडक वाळलेली काटकी मोडावी तसं. थांबायचं नसतं. मी थांबले नाही. ते अजूनही थंडीत त्या जागेवर हात ठेवून म्हणतात, "देवाने वाचवलं, पण बरगड्या मात्र तू मोडल्यास." दोन मोडल्या होत्या.

रुग्णवाहिका आली तेव्हा मुलीच्या फोनवर अकरा मिनिटं झालेली होती. शॉक दिला, दुसऱ्या शॉकला ठोके आले.

या गोष्टीवरून 'तुमची श्रद्धा फळाला आली' असं मला इतक्या जणांनी सांगितलं की मी ती सांगणंच बंद केलं होतं. आज सांगते आहे ती त्यासाठी नाही. ते वाक्य तोंडातून निघालं तेव्हा ते वाचतील असा विश्वास मला मुळीच नव्हता. उलट, त्या अवस्थेतली माणसं घरच्या फरशीवरून किती परत येतात हे मला शेजारपाजाऱ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. मग विश्वास कशावर होता? मला वाटतं, हे सगळं एकट्या माझ्या अंगावर नाही, एवढ्यावरच. बीपीचं मशीन घेऊन उभी होते तेव्हा मी मनात दोन्ही कामं करत होते. दाबायचं मला होतंच, पण त्यांना वाचवायचंही मलाच होतं. दुसरं काम माणसाच्या हातचं नाही, आणि त्याच्या ओझ्याखाली पहिलंही होईना. दुसरं काम ज्याचं त्याला परत दिलं, तेव्हा हात मोकळे झाले.

माझी भाची मानसशास्त्र शिकली आहे. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, मावशी, यावर लोकांनी अभ्यास केलाय. केनेथ पार्गामेंट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली धार्मिक माणसं अडचणीशी कशी भिडतात त्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या: देवाने अक्कल दिलीय, बाकी माझं मी बघीन, ही एक, मी काही करत नाही, देवच बघेल, ही दुसरी, आणि देव आणि मी मिळून बघू, ही तिसरी. दुसरीपेक्षा तिसरी तऱ्हा माणसाला जास्त बळ देते असं त्यांना दिसलं. आपले दोन्ही पत्रलेखक पहिल्या दोन तऱ्हांतच भांडताहेत. तिसरी त्यांच्या गावीही नाही.

पण फरशीवरची अकरा मिनिटं सोपी होती. हे विचित्र वाटेल, पण सोपी होती, कारण हातांना काम होतं. कठीण होते ते पुढचे सात दिवस, आयसीयूच्या बाहेरचे. दार तेच, मी आयुष्यभर ज्याच्या आत असायचे; आता बाहेर. आत काय चाललंय हे कळणाऱ्या माणसाला बाहेर बसणं जास्त जड जातं. व्हेंटिलेटरचा अलार्म कोणता, तो किती वेळ वाजला म्हणजे काय, सगळं ऐकू येत होतं. तिथे मी पुन्हा घाबरले आणि या वेळची भीती जास्त वाईट होती. मी देवाशी सौदे करायला लागले. हे झालं तर हे सोडीन, ते झालं तर ते करीन. दुसऱ्या रात्रीपर्यंत माझ्याकडे द्यायला काही शिल्लक राहिलं नाही एवढी वचनं देऊन झाली. आणि गंमत म्हणजे, दर नव्या वचनाबरोबर भीती वाढत होती. कारण प्रत्येक वचनानंतर लगेच वाटायचं, हे कमी पडलं तर? म्हणजे त्यांना वाचवणं मी पुन्हा माझ्याकडे ओढून घेतलं होतं. दाबायच्या ऐवजी आता वचनांनी.

प्रार्थना म्हणजे एक कळ आहे, नीट दाबली की हवं ते होतं, असं मानणाऱ्यांनी २००६ सालचा एक अभ्यास जरूर ऐकावा. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांतल्या १८०२ बायपासच्या रुग्णांचे तीन गट केले. काहींसाठी अनोळखी माणसांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि आपल्यासाठी होते आहे की नाही हे या दोन्ही गटांना कळू दिलं नाही. गुंतागुंत दोघांतही सारखीच झाली. तिसऱ्या गटाला मात्र सांगितलं होतं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे. त्यांच्यात ती उलट जास्त, ५९ टक्के. बाकीच्यांत ५१-५२. का, ते अभ्यास सांगत नाही. मला मात्र त्या खाटेवरचा माणूस डोळ्यांसमोर येतो: माझ्यासाठी देवाला साकडं घालायची वेळ आली म्हणजे माझं काही खरं नाही, असं मनात म्हणणारा. भाविक मंडळींना हा अभ्यास आवडत नाही. मला आवडतो. देव कुणाच्या मुठीत नाही, हेच तर आपण म्हणतो ना?

तिसऱ्या रात्री वचनं संपली तेव्हा मी नुसतं नाव घ्यायला लागले. काही मागितलं नाही. सावकाश, एका श्वासाला एकदा. कधीतरी डोळा लागला. मला चांगलं आठवतं, बाकाच्या लोखंडी दांड्यावर मान टेकून मी दोन तास झोपले आणि उठले तेव्हा भीती तिथेच होती, पण ती शेजारी बसली होती, छातीवर नाही. या गोष्टीलाही शरीराची बाजू आहे. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि एक तिबेटी बौद्ध मंत्र म्हणायला लावून मोजलं. दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला, आणि त्या लयीत हृदयाचं नि रक्तदाबाचं आपसातलं गणित सुधारलं. निराळे धर्म, निराळ्या भाषा, श्वास एकच. यात देव कुठे आहे असं कुणी विचारेल. विचारू दे. तहान पाण्याने भागते याचं शास्त्र कळलं म्हणून पाणी देणाऱ्याचे आभार मानायचं कुणी सोडत नाही.

आता ज्याच्याविषयी लिहिताना माझा हात जड होतो ते. त्यानंतर अडीच वर्षांनी माझा धाकटा भाऊ स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेला. निदान झाल्यापासून पाच महिने. त्याच्यासाठी मी तितकंच नाव घेतलं, किंबहुना जास्त. ज्यांनी मला 'श्रद्धा फळाला आली' म्हणून सांगितलं होतं, त्यांतलं कुणीही या वेळी काही बोललं नाही. मला ते शांत बसणं फार लागलं. त्यांच्याच हिशेबाने आता माझी श्रद्धा कमी पडली होती ना?

भाऊ देव मानत नसे. पहिल्यापासून. आणि संपादक महाशय, माझ्या पाहण्यातला सगळ्यांत न घाबरलेला माणूस तो. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी त्याने वहीचं एक पान घेतलं आणि कामं लिहायला बसला. विम्याचे कागद, गाडी कुणाच्या नावावर, वहिनीला कोणत्या बँकेत काय आहे ते दाखवणं, मुलाची सायकल दुरुस्त करणं. सायकल सातव्या नंबरवर होती. मी रडत होते तर म्हणाला, "ताई, तू तुझ्या देवावर सोपव, मी डॉक्टरांवर सोपवतो. सोपवू दोघंही. झोप तरी लागेल." सातवं काम झाल्यावर त्याने त्यावर रेघ मारलेली मी पाहिली. खालची दोन राहिली.

म्हणून न घाबरणं ही भाविकांची मिरासदारी आहे असं मला म्हणवत नाही. त्याला कुठून बळ आलं ते त्याचं त्याला ठाऊक. माझं मला देवाकडून येतं, तेही अधूनमधून, आणि येतं तेव्हा थरथरत्या हातांतच येतं. भाऊ गेल्यावर वर्षभर मी देवासमोर हात जोडले नाहीत. पण रात्री ड्यूटीवर एखादा बेशुद्ध माणूस स्ट्रेचरवरून आला की तोंडातून तेच निघायचं, वाचवणं तुझं, दाबणं माझं. रागावलेली असतानाही. मग एक दिवस लक्षात आलं की आपण बोलणं टाकलंय, काम टाकलेलं नाही, आणि देवानेही कामावर यायचं टाकलेलं दिसत नाही. तिथून हळूहळू पुन्हा सुरू झालं.

एक गोष्ट पहिल्या पत्रलेखकांच्या कानावर घालायची राहिली. आमच्याकडे एक मुलगी यायची, एकवीस-बावीसची. छातीत धडधड, श्वास पुरेना, आता मरते की काय अशी घालमेल, आणि थोड्या वेळात सगळं ओसरायचं. सगळ्या तपासण्या स्वच्छ. पॅनिक अटॅक म्हणतात त्याला. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. तिला घरच्यांनी वर्षभर सांगितलं होतं की तुझी श्रद्धा कमी आहे, जास्त नामस्मरण कर. बिचारी करत होती. जितकं करायची तितकी भीती, कारण आता झटक्याबरोबर पापाचीही भीती. आमच्या डॉक्टरांनी मानसोपचाराच्या ओपीडीचा कागद हातात दिला तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे देव माझ्यावर रागावला नाहीये?" आपल्या छापील पत्रातलं ते 'विश्वास कच्चा' हे वाक्य अशाच एखाद्या मुलीने वाचलं असेल, म्हणून मी हे पत्र लिहायला घेतलं.

आमच्या बाथरूमची कडी त्या दिवसापासून परत बसवली नाही. स्क्रूंची चार भोकं अजून तशीच आहेत. मिस्टर आता बहात्तर वर्षांचे आहेत, पहाटे पाचलाच आंघोळीला जातात. मी जागीच असते. पाण्याचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ आला की माझे हात गार पडतात, चौदा वर्षं झाली तरी. मग मी ते वाक्य म्हणते, उठते, आणि जाऊन दार ढकलते. कालही ढकललं. आतून आवाज आला, "अगं, साबण लागलाय डोळ्यांत, थांब की जरा."

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
(नाव छापू नये, ही विनंती.)